गुरुवारची सुट्टी

सकाळी ६.३०
चाकणच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि आमच्या चर्चचा मिस्सा रविवारी. रविवारी कामगारांच्या कागदपत्रांसाठी मदतीचं टेबल मांडलं, तर येणार कोण? सगळे लाइनवर उभे. म्हणून सिस्टर आणि मी गुरुवारी निघतो. पिशवीत फोल्डर, स्टेपलर आणि झेरॉक्ससाठी सुटे पैसे. पॅरिशमध्ये ब्लँकेटं हवी तेवढी जमतात. कामगाराबरोबर रांगेत उभं राहायला मात्र माणूस मिळता मिळत नाही.

८.००
मोशीच्या पुढे नाशिक रस्ता तुंबलेला. सिस्टर माळ जपतात, मी पुढच्या ट्रेलरचा नंबर वाचतो.

९.००
खराबवाडी. पत्र्याच्या खोल्यांची चाळ. रात्रपाळीवाला झोपलाय, म्हणून बोलणं हळू. 'परप्रांतीयांनी गाव भरलं' अशी तक्रार इथे ऐकू येते, ती बहुधा भाड्याच्या पैशांतून बांधलेल्या बंगल्याच्या गच्चीवरून. झारखंड-ओडिशातल्या सिमडेगा, सुंदरगढची मुलं लांबूनच 'जय येसू' म्हणतात. बाकीचे बिहार, उत्तर प्रदेश, लातूर-नांदेडचे. बहुतेक ख्रिस्ती नाहीत. एकाने विचारलंच, "अंकल, इसके लिए चर्च आना पड़ेगा क्या?" नाही. कागदांच्या टेबलावर प्रार्थनेचं पुस्तक ठेवायचं नाही, हा सिस्टरांचा नियम आणि तो मला पटतो.

रेशनचं काम सोपं. आधार जोडलेलं असेल, तर गावचं कार्ड इथल्या दुकानातही चालतं. गावाकडच्यांनी त्यांच्या वाट्याचं तिकडे उचलायचं, याने आपलं इथे. हे अजून अनेकांना ठाऊक नसतं.

११.००
गुमल्याचा एक मुलगा, वय बावीस. पॉवर प्रेसवर उजव्या हाताची दोन बोटं गेली. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, अशी सोय त्या यंत्रावर होती. उत्पादन वाढावं म्हणून एक बटण कायमचं दाबून बांधलेलं. ठेकेदाराने त्याला ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आणून दिलंय. सिस्टर ते उजेडात धरतात. नोंदणीची तारीख अपघाताच्याच दिवसाची.

म्हणजे आधीचे महिने तो कागदावर नव्हताच. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याची नोंद पहिल्या दिवसापासून व्हायला हवी. कामावर इजा झाली, तर हप्ते किती भरले हे न बघता रजेच्या काळात सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, अपंगत्व कायमचं असेल तर पुढे पेन्शन. पण सरासरी काढायची कशावरून? मुलाच्या मोबाइलमध्ये हजेरीकार्डाचे फोटो निघाले. ते घेऊन आम्ही झेरॉक्सच्या दुकानात.

दुपारी १.३०
वडापाव. पॅरिशमध्ये कुणी म्हणतं, हे युनियनचं काम, चर्चचं नाही. मी त्यांना फादर लीव्हन्सचं सांगतो. हा बेल्जियन जेझुइट 1885 साली छोटानागपुरात तोरपाला पोचला आणि जमीनदारांच्या कचाट्यात सापडलेल्या मुंडा-उरांव कुळांचे खटले समजून घेण्यासाठी कायदा शिकला. सिमडेगा-गुमल्याच्या मुलांचे पणजोबा चर्चकडे वळले ते त्या कोर्टकचेरीच्या वाटेने. पोप फ्रान्सिस यांनी 2018 च्या स्थलांतरित दिनाच्या संदेशात स्वागत, संरक्षण, उत्कर्ष आणि समावेश अशी चार कामं सांगितली. आमची गाडी पहिल्यावरच अडते. नाताळला केक वाटला की स्वागत संपलं.

आणि आम्ही तरी इथले कुठले? माझे वडील राहुरीकडून पिंपरीला एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) कंपनीत आले. कुणी केरळातून आलं, कुणी गोव्यातून. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आम्ही 'गावी' जातो, तसेच बिहारचे कामगार छठला जातात.

४.००
मुलाचा अर्ज लिहून झाला. सही डाव्या हाताची, वेडीवाकडी. बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. तिथे अंगठा चालेल का, ते उद्या बघायचं.

संध्याकाळी ७.००
पॅरिश कौन्सिलची बैठक. माझी मागणी एकच: महिन्यातून एक गुरुवार, संध्याकाळी हिंदी मिस्सा आणि वाचनाला ही मुलं. फादर तयार आहेत. आक्षेप आला तो क्वायरकडून: गुरुवारी त्यांची तालीम असते. पाऊण तास चर्चा झाली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "सिमडेग्याची पोरं मांदर वाजवतात, त्यांनाच विचारा ना." क्वायरवाल्यांनी विचारलं, मांदरला माइक कुठून लावायचा? म्हणजे बहुधा होकार.