फॉन्ट बोले, साहेब डोले!

रेझ्युमे झकास, प्रपोजल खणखणीत, तरी उत्तराचा पत्ता नाही? मजकुराला दोष देण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघा. म्हणजे फॉन्टकडे हो! साहेब आधी बघतात, मग वाचतात. आणि बघता बघताच मत बनवून मोकळे होतात. पटत नाही? घ्या पुरावे!

४५ हजारांना गुगली
माहीत आहे का? २०१२ मध्ये फिल्ममेकर एरॉल मॉरिस यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकांना विचारलं, तुम्ही आशावादी की निराशावादी? खरी परीक्षा होती फॉन्टची! एकच मजकूर सहा फॉन्टमध्ये फिरवला. सुमारे ४५ हजार जणांनी उत्तरं दिली आणि मजकूर खरा वाटायला लावण्यात बाजी मारली बास्करव्हिलनं. आघाडी जेमतेम, पण तीही एक कानामात्रा न बदलता! अठराव्या शतकातल्या बर्मिंगहॅमचे हे आजोबा अजून वट राखून आहेत.

घाम फोडणारी अक्षरं
मिशिगन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना व्यायामाच्या सूचना वाचायला दिल्या. काहींना साध्या एरियलमध्ये, काहींना वळणदार ब्रशमध्ये. किती वेळ लागेल? एरियलवाले म्हणाले साधारण ८ मिनिटं, ब्रशवाले १५! व्यायाम तोच बरं का. बोध काय? प्रपोजल वाचायला किचकट, तर कामही किचकटच वाटणार.

जसं कोर्ट, तसा कोट!
टाइम्स न्यू रोमन जन्मला लंडनच्या 'द टाइम्स'साठी. साल १९३२. पेपरचे कॉलम अरुंद, म्हणून अक्षरं अंग चोरून उभी. शिकागोचं अपील कोर्ट म्हणूनच वकिलांना सांगतं, हा पेपरवाला फॉन्ट नको, पुस्तकी फॉन्ट वापरा. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाला मात्र टाइम्स पसंत! त्यांनी २०२१ मध्ये नाक मुरडलं ते गॅरामाँडला, बारीक दिसतो म्हणून. आणि आपलं सुप्रीम कोर्ट? २०२० च्या परिपत्रकात सगळं रोखठोक: ए-फोर कागद, टाइम्स न्यू रोमन, १४ पॉइंट, दीड स्पेसिंग. बाजूला चांगला ४ सेंटिमीटर समास. डोळ्यांना श्वास घ्यायला जागा नको?

फॉन्टनं फोडलं बिंग?
पाकिस्तानात २०१७ मध्ये कॅलिब्रीनं राजकारण हलवलं! पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या कन्या मरियम यांनी मालमत्तेच्या चौकशीत दिलेल्या कागदावर तारीख फेब्रुवारी २००६ ची, आणि कॅलिब्री बाजारात आला २००७ मध्ये. झालं, 'फॉन्टगेट' पेटलं! मरियम पुढे २०२२ मध्ये हायकोर्टातून निर्दोष सुटल्या, पण फॉन्टलाही वय असतं हे जगाला कळलं.

ओरडू नका, मराठीत बोला
देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत, म्हणजे इंग्रजीसारखं ओरडायची सोय नाही. मग आपण काय करतो? बोल्ड करतो, वर अंडरलाइन मारतो! आता 'महत्त्वपूर्ण सूचना' नीट बघा. खालची रेघ थेट दोन्ही ऊकारांवरून फिरलेली. वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे आपल्या लिपीला ओळींमध्ये जरा ऐसपैस जागा लागते. स्पेसिंग वाढवा, रेघ उडवा, अर्जाचा थाट बघा! आणि जाता जाता: विंडोजवरचा 'मंगल' फॉन्ट कुणाचा, माहीत आहे का? कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा!

कॉमिक, पण कॉस्मिक
४ जुलै २०१२, सर्न प्रयोगशाळा. भौतिकशास्त्रज्ञ फॅबिओला जानोत्ती हिग्ज बोसॉन या कणाच्या शोधाचे निष्कर्ष मांडतायत, आणि स्लाइड्सवर चक्क कॉमिक सॅन्स! इंटरनेटवर खिल्ली उडाली. जानोत्तीबाई मात्र २०१६ मध्ये सर्नच्या महासंचालक झाल्या.

तेव्हा तुमच्या प्रपोजलमध्ये एखादा नवा कण सापडला असेल, तर कॉमिक सॅन्स खुशाल वापरा. नुसतंच कोटेशन असेल, तर सेंड दाबण्याआधी फॉन्ट बदला!