घाटातली थरथर: दोष ओळखायचा कसा?

मंडळी, न्यायशास्त्रातल्या पर्वतावर धूर असतो. आज आपण पसरणी घाट घेऊ. वाईहून पाचगणीला चढताना गिअरची जुनी एसयूव्ही ओढत नाही, की आपण लगेच म्हणतो, क्लच प्लेट गेली. थांबा, आधी आरपीएमचा काटा बघा. काटा चढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. प्लेट झिजली असेल किंवा तिला तेल लागलं असेल. काटाच चढत नसेल तर डिझेल फिल्टर, टर्बो तपासा.

थरथर जास्त फसवी. नैयायिक तिला सव्यभिचार हेतू म्हणतील, कारण ती बऱ्याच दोषांसोबत दिसते. जागेवरून निघतानाच होते? बहुधा क्लच, नाहीतर इंजिनाचं माउंटिंग. ब्रेक दाबल्यावरच? डिस्क. ठरावीक वेगाला होत असेल, तर सपाट रस्त्यावर तोच वेग ठेवून गिअर बदला. आरपीएम बदलूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन सोडा. चाकांचं बॅलन्सिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघा. एका वेळी एकच बाब बदलायची, हे मिलने १८४३ मध्येच सांगून ठेवलंय. एकदम तीन पार्ट बदलले की गाडी बरी होते, पण बिघडलं काय होतं ते कुणालाच कळत नाही.

आणि क्लच घसरत असेल तर उतारावर इंजिनाचा रोधही पुरता मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. अशी गाडी माणसं भरून घाटात उतरवू नका. मेकॅनिकला वर बोलवा.