डोक्याला मार, आणि सलाईन कोणतं?

भामरागड-एटापल्लीकडे मोटारसायकलवरून पडून किंवा अस्वलाच्या हल्ल्यात डोक्याला मार बसला, की मेंदूच्या ऑपरेशनसाठी बहुधा नागपूर गाठावं लागतं. सलाईन मात्र वाटेतच सुरू झालेलं असतं. ‘ग्लुकोजची बाटली लावा, ताकद येईल’ हा नातेवाइकांचा आग्रह ठरलेला. डोक्याच्या पेशंटला नेमकी तीच नको. त्या बाटलीतल्या ५ टक्के डेक्स्ट्रोजमधली साखर शरीर वापरून टाकतं, मागे उरतं नुसतं पाणी, आणि ते मेंदूत शिरतं.

हे मेंदूतच का घडतं? हातापायांच्या केशवाहिन्यांतून मीठ सहज बाहेर पडतं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. तिथून पाणी जातं, सोडियम सहजी जात नाही. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूकडे सरकतं, खारट झालं की मेंदूतून बाहेर येतं. वीड आणि मॅकिबन या संशोधकांनी १९१९ मध्ये मांजरांवर हे दाखवलं होतं. सुजलेल्या मेंदूला पसरायला कवटीत जागा नसते.

आता बाटल्या पाहू. लिटरमागे मिलिमोलमध्ये मोजलं तर रक्तात सोडियम १३५ ते १४५, आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेटमध्ये) १३०, नॉर्मल सलाईनमध्ये १५४. आरएल रक्तापेक्षा किंचित पातळ, म्हणून भूलतज्ज्ञांचा हात आधी नॉर्मल सलाईनकडे जातो. पण बीपी कोसळलंय आणि हाताशी फक्त आरएल आहे, तर ते खुशाल द्यावं. वरचं बीपी ९० च्या खाली राहणं मेंदूला त्याहून कितीतरी घातक. सूज येईल म्हणून पेशंटला कोरडा ठेवण्याची जुनी पद्धत याच कारणाने मागे पडली. महागडं अल्ब्युमिनही इथे कामाचं नाही. २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात डोक्याला इजा झालेल्यांपैकी अल्ब्युमिन मिळालेले ३३ टक्के दोन वर्षांत दगावले, सलाईनवाले २० टक्के.

कवटी उघडताना मेंदू ताठ असेल तर त्यातलं पाणी ओढून घेणारं मॅनिटॉल लागतं. ५० किलोच्या माणसाला किलोमागे अर्धा ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या बाटलीतलं १२५ मिली, साधारण १५-२० मिनिटांत. थंडीत बाटलीत खडे जमतात, ते आधी गरम करून विरघळवावे लागतात. मॅनिटॉलने लघवी भरपूर होते, म्हणून नळी घालून ती मोजतात आणि रक्तातलं पाणी घटू देत नाहीत.

या दोन तालुक्यांच्या पेशंटबाबत आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी: सिकलसेल. शरीर कोरडं पडलं किंवा रक्तात आम्ल वाढलं, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात. मॅनिटॉल कोरडं पाडतं. आणि नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराइडही १५४, रक्तात जेमतेम १००, त्यामुळे लिटरवर लिटर गेलं की आम्ल वाढतं. अशा पेशंटला रक्ताच्या जवळ जाणारं प्लाझ्मालाइटसारखं द्रव मिळालं, तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला माझी हरकत नाही.