ब्ल्यूटूथवर आळ कशाला?

नालवाडीतल्या एका घरातली ही गोष्ट. दिवस हरभऱ्याच्या ओलिताचे. मामाजी शेतातून आले आणि पायही न धुता त्यांनी खिशातला मोबाईल काढून सुनेपुढे धरला.

"पाह्य बाई, आजही मेला. सकाळी शंभर टक्के भरून नेला होता. पोट्ट्यानं ते ब्ल्यूटूथ चालू ठेवलं असन. तेच खाते बॅटरी."

"नाही जी मामाजी, ब्ल्यूटूथ बंदच हाये," सूनबाई म्हणाल्या. "कालपासून मीच बंद करून ठेवलं."

मामाजींचा विश्वास बसेना. त्या आठवड्यात त्यांच्याकडची वीज रात्रपाळीची होती. म्हणजे रात्री मोटार सुरू करायला जाणे आले, काळोखात बांधावरून चालणे आले आणि रानडुकरांचे भय आले. अशा वेळी खिशातला फोन मेलेला असला की माणूस परत येईपर्यंत घरच्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. ब्ल्यूटूथचा वाद दिसायला क्षुल्लक, पण त्या घराला तो तसा नव्हता.

तुमच्याही घरी हा वाद होत असेल. कोणी म्हणतो वायफाय बंद करा, कोणी म्हणतो लोकेशन बंद करा, कोणी दिवसातून दहा वेळा ती बटणे चालू-बंद करीत बसतो. म्हणून म्हटले, एकदा हिशेबच मांडून पाहावा.

तुमच्या मोबाईलच्या खोक्यावर बॅटरीची क्षमता लिहिलेली असते. आजच्या बहुतेक फोनवर ती ५००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, अशी आढळेल. हे बॅटरीचे रांजण समजा. ताशी किती पाणी उपसले जाते ते कळले की रांजण केव्हा रिता होणार ते कळते.

ब्ल्यूटूथ नुसते चालू आहे, त्याला कानातले यंत्र, घड्याळ किंवा स्पीकर काहीच जोडलेले नाही, अशा वेळी ते फारसे काही करीत नाही. माचीवर बसलेल्या राखणदारासारखे असते. बराच वेळ गप्प, मध्येच कान टवकारून ऐकते, पुन्हा गप्प. त्याला ताशी एक मिलिअँपिअर-तास लागतो असे आपण सढळ हाताने धरू. चोवीस तासांचे झाले २४. पाच हजारांत चोवीस म्हणजे अर्धा टक्काही भरत नाही. आणि सूर्याच्या उजेडात दिसावे म्हणून पडद्याचा प्रकाश पुरा वाढवून तासभर व्हिडिओ पाहिला, तर अंदाजाने ४०० मिलिअँपिअर-तास सहज जातात. तेवढ्यात ब्ल्यूटूथ पंधरा दिवस चालले असते. नातवाने जेवताना पाहिलेले एक कार्टून आणि पंधरवड्याचे ब्ल्यूटूथ यांची किंमत एकच!

मग ब्ल्यूटूथची ही बदनामी आली कुठून? ती खोटी नव्हती, जुनी आहे. वीस वर्षांपूर्वीच्या बटनांच्या फोनमध्ये बॅटरी आजच्या पाचव्या हिश्श्याएवढी असायची आणि ब्ल्यूटूथही खादाड होते. त्या वेळी "काम झाले की बंद कर" हा सल्ला रास्तच होता. पुढे २०१० साली ब्ल्यूटूथची चौथी आवृत्ती निघाली आणि तिच्यात कमी विजेवर चालणारी निराळी पद्धत आली. यंत्र बदलले, सल्ला मात्र तोंडोतोंडी तसाच चालत राहिला. आपल्याकडे बऱ्याच बाबतींत असे होते, पण तो विषय वेगळा.

करोनाच्या वेळचे आठवते का? २ एप्रिल २०२० ला आरोग्य सेतू हे ॲप आले. बाधित माणूस जवळून गेला होता का ते कळावे म्हणून ब्ल्यूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू ठेवा, असे त्यात सांगितले होते. देशातल्या कोट्यवधी लोकांनी ते घेतले. जन्मात ब्ल्यूटूथला हात न लावलेल्यांच्या फोनमध्येही ते तेव्हा रात्रंदिवस चालू राहिले. कुरकुर झाली ती बॅटरीची झाली, तशी आपली माहिती कुठे जाते याचीही झाली. पण ब्ल्यूटूथ चालू ठेवले म्हणून दुपारपर्यंत फोन बंद पडू लागले, असे काही घडले नाही.

ब्ल्यूटूथवर गाणी ऐकत असाल, कानातले यंत्र तासन्‌तास लावत असाल तर खर्च वाढतो हे कबूल. बैल गोठ्यात उभा असताना आणि वखराला जुंपलेला असताना त्याचा चारा सारखा कसा असेल?

वायफायचेही जवळपास तसेच. घरी तारेचे इंटरनेट घेतले असेल तर वायफाय बंद करून मोबाईलच्या डेटावर व्हिडिओ पाहणे हा उलटा व्यवहार आहे. वायफायची पेटी घरातच, चार हातांवर. टॉवर लांब. जवळच्याशी बोलायला कमी श्रम पडतात, त्यामुळे घरात वायफाय चालू ठेवल्याने बॅटरी बहुधा वाचते. शेतात वायफाय नसते. तिथे फोन अधूनमधून ते शोधत राहतो, पण तो खर्च किरकोळ. बंद करायचेच असेल तर करा, न केल्यास काही अडत नाही.

हॉटस्पॉट मात्र यातून वगळा. पोराच्या फोनवरून बहिणीच्या अभ्यासाला इंटरनेट दिले, की तो फोन एका हाताने टॉवर धरून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने घरात वाटतो. तापतोही. काम संपले की हॉटस्पॉट आठवणीने बंद करावा. मोबाईल दिवसभर चार्जरलाच लटकलेला दिसला, तर आधी हे पाहा.

आता मामाजींच्या फोनकडे वळू. त्यांचे ब्ल्यूटूथ बंद होते, वायफाय बंद होते. मग बॅटरी खाल्ली कोणी?

नालवाडी वर्धा शहराला लागून आहे. घरात रेंजच्या काड्या भरलेल्या असतात. मामाजींचे शेत मात्र गावापासून बरेच आत, नाल्याकाठच्या खोलगट भागात. तिथे एक काडी येते, जाते, पुन्हा येते. खरा चोर तिथे लपला होता.

दोन माणसे एकाच विहिरीवर असली तर हळू बोलूनही ऐकू जाते. एक या बांधावर आणि दुसरा पार त्या बांधावर असेल तर हाक मारावी लागते, आणि मधे वारा असेल तर घसा फुटेस्तोवर ओरडावे लागते. मोबाईल टॉवरशी तसेच बोलतो. टॉवर जवळ असला की फोन हलक्या आवाजात बोलतो, दूर असला की सगळे बळ लावतो. आणि तुम्ही फोन केला नाही तरी हे बोलणे चालूच असते. मी इथे आहे, मला फोन आला तर इकडे पाठवा, असे त्याला टॉवरला कळवत राहावे लागते. रेंज गेली की तो टॉवर शोधू लागतो. सापडला नाही की पुन्हा शोधतो. खिशात गुपचूप पडलेला फोन गरम का लागतो याचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

मामाजींच्या फोनमध्ये दोन सिम होती. एकाला शेतात थोडी तरी रेंज, दुसऱ्याला मुळीच नाही. ते दुसरे सिम दिवसभर टॉवर शोधत होते. दोन सिमची हौस आपल्याकडे घरोघरी आहे आणि तिचे कारणही खरे आहे, कारण एक कंपनी गावात चालते तर दुसरी शेतात. पण जे सिम शेतात चालतच नाही ते सेटिंगमध्ये जाऊन तेवढ्यापुरते बंद करता येते. सिम काढायचे नाही, फक्त बंद करायचे. घरी आल्यावर पुन्हा चालू.

आणखी एक. आपल्या देशात ५जी सुरू झाले ते १ ऑक्टोबर २०२२ ला. शहरात ते चांगले चालते. जिथे ते धड येत नाही आणि धड जातही नाही, तिथे फोन ५जी आणि ४जी यांच्यात उड्या मारीत राहतो. अशा ठिकाणी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ४जी निवडून ठेवावे. आणि जिथे कोणत्याच कंपनीची रेंज मिळत नाही तिथे विमानाचे चित्र असलेले बटण दाबले की शोधाशोध थांबते. मात्र तेवढा वेळ तुम्हाला कोणाचा फोन येणार नाही. रात्रीच्या ओलिताला जाणाऱ्याने हे बटण दाबू नये असे मी म्हणेन. घरच्यांचा फोन लागायला हवा.

लोकेशनच्या बाबतीत मी थोडा आग्रही आहे, कारण तिथे चुकीची काटकसर जिवावर बेतू शकते. उपग्रहाकडून जागा कळते ती फोन नुसता ऐकून ठरवतो. आकाशात उलट काही पाठवावे लागत नाही. लोकेशनचे बटण चालू असणे हा मोठा खर्च नव्हे. एखादे ॲप सतत जागा विचारत राहिले, उदाहरणार्थ नकाशा लावून गाडी चालवली, तर मात्र बॅटरी झपाट्याने उतरते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली तेव्हा अनेकांनी हे अनुभवले असेल. शेतात उभे राहायचे, लोकेशन चालू, इंटरनेट चालू, कॅमेरा चालू, उन्हात पडद्याचा प्रकाश पुरा, आणि वर रेंज एक काडी. खर्चाची सगळी तोंडे एकाच वेळी उघडी! त्या दिवशी फोन पुरा भरून न्यावा आणि काम सकाळच्या पारी उरकावे.

पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप आहे. तुम्ही जिथे आहात त्याच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज कडाडत असेल तर ते सूचना देते. मृगाच्या आधी पेरणीच्या लगबगीत आपल्याकडे विजा कशा पडतात ते मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही कुठे आहात हे कळले नाही तर ते ॲप इशारा देणार कसा? टक्काभर बॅटरी वाचवायला कोणी लोकेशन बंद करून बसला असेल तर त्याने आजच ते चालू करावे. खर्च आवरायचाच असेल तर प्रत्येक ॲपची परवानगी वेगवेगळी पाहता येते. दामिनीला 'कायम' द्यावी. खरेदीच्या, खेळाच्या, फोटोच्या ॲपना 'वापरताना' एवढीच द्यावी, नाहीतर मुळीच देऊ नये.

उन्हाचे सांगायचे राहिले. रेंज आणि पडदा आजची बॅटरी खातात, ऊन पुढल्या वर्षाची खाते. या बॅटरीला उष्णता सोसत नाही. पस्तीस अंशांच्या वर तापलेल्या जागी वारंवार ठेवली, त्यातच चार्ज केली, तर तिची साठवण कायमची घटते. मग रांजणच लहान होते आणि तुम्ही किती जपून उपसा, ते लवकरच रिते होणार. आपल्या वर्ध्याला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली चार्जिंगला लावलेला फोन, मोटारसायकलच्या टाकीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन, बांधावर उन्हात विसरलेला फोन, हे सगळे वर्षभरात म्हातारे होतात. शेतात फोन डब्याच्या पिशवीत, झाडाच्या सावलीत ठेवावा. उशीखाली घालून चार्ज करू नये.

आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून पाहा. १९३० नंतरच्या काळात विनोबा या नालवाडीत राहत होते. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीत माणसाचे पोट भरते का, हा प्रश्न त्यांनी स्वतः कातून आणि त्या मजुरीवर राहून तपासला होता. आपला प्रयोग त्या मानाने फारच सोपा. तीन रात्री ब्ल्यूटूथ चालू ठेवून झोपा, तीन रात्री बंद करून. फोन त्याच जागी, तीच सिमे, नऊ वाजता किती टक्के आणि सकाळी सहाला किती, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मग तीन रात्री फोन खिडकीजवळ ठेवा आणि तीन रात्री आतल्या, रेंज कमी असलेल्या खोलीत. कोणता फरक मोठा ते आकडेच सांगतील. सेटिंगमध्ये 'बॅटरी' उघडली की कोणत्या ॲपने किती खाल्ले तेही दिसते. तिथे ब्ल्यूटूथ शोधून पाहा, सापडले तर तळाशी सापडेल.

ब्ल्यूटूथ बंद ठेवण्याचे एक कारण मात्र मला पटते, पण ते बॅटरीचे नाही. जत्रेत, बसस्टँडवर, बाजारात अनोळखी फोनकडून जोडणीची विचारणा आली तर 'हो' म्हणू नये. ज्याला हे लक्षात राहणार नसेल त्याने गर्दीत ब्ल्यूटूथ बंद ठेवलेले बरे.

मामाजींनी दुसरे सिम शेतात बंद ठेवायला सुरुवात केली आहे. फोन आता संध्याकाळी घरी जिवंत येतो आणि रात्री मोटारीकडे जाताना सोबत असतो. ब्ल्यूटूथ मात्र ते अजूनही रोज सकाळी तपासतात, बंद असेल तरी एकदा दाबून पाहतात. सूनबाई काही बोलत नाहीत. कॅलेंडरवर टक्के लिहायचे काम तेवढे त्यांनी नातवाकडे दिले आहे.