रिकामा डावा पाय

अपघातांच्या बातम्यांची कात्रणं जपायचा माझा नाद जुना आहे. घरात तो कुणाला आवडत नाही, आणि आवडावा असा तो नाहीही. सगळेच अपघात मला लागत नाहीत. लागते ती एकच जात: उभी असलेली किंवा रांगत चाललेली गाडी एकाएकी सुटते, दुकानात शिरते, नाहीतर पार्किंगची भिंत फोडून खाली जाते, आणि चालक पोटच्या पोराची शपथ घेऊन सांगतो की मी ब्रेकच दाबत होतो. आपली वर्तमानपत्रं ही बातमी ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढ्यावर आटोपतात. ताबा सुटला म्हणजे नेमकं काय झालं, हे दुसऱ्या दिवशी कुणी छापत नाही.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात जे झालं, त्यानंतर मात्र ते छापावं लागलं. बेस्टची ३३२ क्रमांकाची बस कुर्ला स्थानकाहून अंधेरीकडे निघाली होती. बारा मीटर लांबीची, विजेवर चालणारी, कंत्राटदाराकडून भाड्यानं घेतलेली. एस. जी. बर्वे मार्गावर तिनं वेग घेतला आणि माणसं, रिक्षा, मोटारी चिरडत ती पुढं गेली ती एका इमारतीची भिंत लागेपर्यंत. नऊ जीव गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. आधी ‘ब्रेक फेल’ची आवई उठली. मग चालक प्यायला असणार अशी. परिवहन खात्याच्या तपासणीत ब्रेक ठाकठीक निघाले. चालकानं आधीची वर्षं क्लच-गिअरच्या लहान बस चालवल्या होत्या आणि या बिनक्लचच्या बसवर तो त्याच महिन्याच्या सुरुवातीला आला होता, हे नंतर बाहेर आलं. पोलिसांनी मानवी चुकीवर बोट ठेवलं, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लावला. मुंबईकर हळूहळू दुसऱ्या विषयांकडे वळले. मी काही वळलो नाही.

भंडाऱ्याच्या माणसाला गिअरबॉक्सचं इतकं काय पडलं आहे, असं पुण्यामुंबईचे मित्र विचारतात. त्यांना गडेगाव ठाऊक नसतं. पूर्वीच्या सहा नंबरच्या, आताच्या त्रेपन्न नंबरच्या महामार्गानं भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की लाखनीच्या अलीकडे अशोक लेलँडचा कारखाना लागतो. १९८२ च्या सुमाराचा. तांदूळ, तलाव आणि जवाहरनगरची आयुध निर्माणी यापलीकडे बाहेरच्यांना या जिल्ह्याचं फार काही सांगता येत नाही. पण देशभर धावणाऱ्या कितीतरी ट्रक-बसच्या गिअरबॉक्स इथं घडल्या आहेत. त्यामुळे दाते, सिंक्रोनायझर, क्लच प्लेट हे शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवरही चालतात. आणि क्लच कळला की या विषयाचं निम्मं कोडं सुटतं.

रेस अडकणं आपल्याकडे नवं नाही. ॲम्बेसेडर, फियाटच्या काळात रेसची केबल गंजून आवळायची, कार्बोरेटरची परतीची स्प्रिंग तुटायची, पायपोस सरकून पायडलावर चढायचा. ड्रायव्हर क्लच दाबायचा, चावी बंद करायचा, शिवी घालायचा आणि बॉनेट उघडून तार बांधायचा. क्लच दाबला की इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो. मग इंजिन किती का कोकलेना. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. गिअरची गाडी चालवणारा माणूस घाबरला की त्याचे दोन्ही पाय एकदम खाली जातात. उजवा चुकून ब्रेकऐवजी रेसवर पडला, तरी डाव्यानं क्लच दाबलेलाच असतो. गाडी जागच्या जागी किंचाळते, आसपासचे हसतात, कात्रण होत नाही.

याचा सगळ्यात भीतिदायक नमुना बघायचा तर जुन्या टर्बो डिझेल ट्रकचं इंजिन ‘भागतं’ तेव्हा बघावा. टर्बोचं सील गेलं की इंजिनाचंच ऑइल हवेच्या वाटेनं आत ओढलं जातं आणि इंजिन डिझेलऐवजी तेच पिऊ लागतं. चावी फिरवून फक्त डिझेल बंद होतं, त्यामुळे चावीचा उपयोग नाही. फेरे चढत जातात, धुरानं गॅरेज भरतं, नवी पोरं पळ काढतात. जुना मेकॅनिक दोनांपैकी एक करतो. हवेच्या पाइपचं तोंड पोत्याचा बोळा किंवा फळी लावून दाबतो. नाहीतर वरचा गिअर टाकतो, ब्रेकवर उभा राहतो आणि क्लच एकदम सोडतो, की इंजिन धडपडून बसतं. पहिल्या उपायात तळहात उघडा ठेवायचा नसतो, हे तो आधी सांगतो. दुसरा उपाय क्लच नसेल तर करताच येत नाही.

आता अमेरिकेकडे जाऊ. तिथं बिनक्लचच्या गाड्या आपल्या कितीतरी आधी घरोघरी पोचल्या आणि हे भांडणही तिथंच पेटलं. २३ नोव्हेंबर १९८६ ला सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमानं ऑडी ५००० या गाडीवर एक भाग दाखवला. गाडी पार्कमधून गिअरमध्ये टाकताच सुसाट सुटते, अशी मालकांची तक्रार होती. ओहायोतली एक आई पडद्यावर आली. गॅरेजचं दार उघडायला गाडीपुढं गेलेला तिचा सहा वर्षांचा मुलगा त्या गाडीखाली गेला होता. गाडी आपणहून सुटली, असं ती सांगत होती. त्यानंतर एका तज्ज्ञानं प्रात्यक्षिक दाखवलं: कुणाचाही पाय नसताना ऑडीचं रेस-पायडल आपोआप खाली जातं. देशभरच्या बैठकींमध्ये लोकांनी श्वास रोखला असणार. त्या गाडीच्या ट्रान्समिशनला भोक पाडून बाहेरून दाब सोडला होता, हे प्रेक्षकांना सांगितलं गेलं नाही.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कागद टीव्हीवर आलाच नाही. अपघात झाला त्या वेळी पोलिसांनी केलेली ती नोंद आहे. तिच्यात लिहिलं आहे की चालक बाईचा पाय ब्रेकवरून घसरून रेसवर गेला. एक ओळ. पुढे खटला उभा राहिला. १९८८ मध्ये ज्यूरीनं गाडीत दोष नसल्याचा निकाल दिला. ऑडीचे समर्थक आजही हा कागद नाचवतात: बघा, बाई खोटं बोलली. मला ते पटत नाही. जिच्या पायाखालच्या गाडीनं तिचंच पोर गेलं, तिच्या मनानं त्या क्षणाची पुन्हा मांडणी केली असेल तर त्याला खोटं म्हणणाऱ्याचं काळीज दगडाचं असलं पाहिजे. शिवाय अशी मांडणी करायला दुःखाचीही गरज लागत नाही. रिचर्ड श्मिट या मानसशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये त्याची फोड केली. मेंदू ‘ब्रेक’ असाच हुकूम सोडतो, पाय दोन-तीन इंच इकडं पडतो, आणि चूक झाल्याची खबर मेंदूला मिळत नाही, कारण त्याच्या लेखी हुकूम बरोबरच होता. गाडी उसळते. ब्रेक दाबूनही थांबत नाही म्हणजे जोर कमी पडतोय, असं वाटून माणूस आणखी दाबतो. धडक होईपर्यंत. म्हणून हे चालक खोटेपणा पकडायच्या यंत्रावरही खरे उतरतील.

त्याच वर्षी अमेरिकी सरकारचा अहवाल आला. जॉन पोलार्ड आणि डोनाल्ड ससमन हे त्याचे मुख्य लेखक. निष्कर्ष सगळ्यांनी पाठ केला: गाडीत बिघाड सापडत नसेल तर पाय चुकलेला असतो, पूर्ण रेसवरही चांगला ब्रेक गाडी धरून ठेवतो. ऑडी सुटली म्हणून तिच्या बाजूनं टाळ्या पडल्या. पण अहवालातल्या बाकीच्या गोष्टी कुणी फारशा सांगत नाही. ऑडीची पायडलं अमेरिकी गाड्यांपेक्षा वेगळ्या ठिकाणी, एकमेकांच्या जवळ होती. तिचा मंद गती सांभाळणारा भाग बिघडला की इंजिन क्षणभर उसळी घेई. जीव घेण्याइतकी नव्हे, चालकाला दचकवण्याइतकी. आणि ब्रेक दाबल्याशिवाय पार्कमधून गिअर निघू नये असं कुलूप तेव्हा नव्हतं. ते बसवल्यावर तक्रारी झपाट्यानं उतरल्या. पाय ग्राहकाचा चुकला खरा, पण त्याला चुकायला जागा कंपनीनं करून ठेवली होती. ऑडीनं त्याची किंमत मोजली: अमेरिकेत १९८५ मध्ये तिच्या ७४ हजार गाड्या खपल्या होत्या, १९९१ मध्ये जेमतेम १२ हजार.

मग सगळं पायावर ढकलायची सवय लागली, आणि तिथं टोयोटानं धडा दिला. २८ ऑगस्ट २००९ ला कॅलिफोर्नियात महामार्ग पोलिसातला एक अधिकारी कुटुंबासह टोयोटाचीच लेक्सस चालवत होता. स्वतःची नव्हे; दुरुस्तीला टाकलेल्या गाडीच्या बदल्यात विक्रेत्यानं दिलेली. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलचा जाड रबरी पायपोस अंथरलेला होता. रेस-पायडल त्याच्या कडेत अडकलं. मागे बसलेल्या नातेवाइकानं आणीबाणीच्या क्रमांकाला फोन लावला, चौघंही गेले. तो वाहतुकीतला सराईत माणूस होता, त्याला पाय चुकल्याचं खापर चिकटत नव्हतं. इंजिन बंद करायचं बटन धावत्या गाडीत तीन सेकंद दाबून धरावं लागे; ते परक्या गाडीत, त्या वेगात कुणाला सुचणार? पूर्ण रेसवर पेट्रोल इंजिनातली, ब्रेकला जोर देणारी निर्वाताची ओढ संपते, त्यामुळे ब्रेक दोन-तीनदा पंप केला की त्याची ताकद निघून जाते. तपासात आणखी एक गोष्ट उघड झाली. त्याच गाडीचं पायडल काही दिवसांपूर्वी दुसऱ्या ग्राहकाच्या पायाखाली असंच अडकलं होतं, आणि त्यानं ते गाडी परत करताना सांगितलंही होतं. तोंडी सांगितलेलं तोंडीच राहिलं.

पुढची हकीकत वाचकांना ठाऊक असेल: लाखोंनी गाड्या परत बोलावल्या, आधी पायपोसासाठी, मग चिकट होऊन हळू परतणाऱ्या पायडलासाठी. ‘नासा’ला तपासाला बसवलं. इलेक्ट्रॉनिक रेसमध्ये दोष सापडला नाही, असं २०११ मध्ये जाहीर झालं. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्यूरीनं मात्र कॅमरीच्या संगणक-प्रणालीवर बोट ठेवलं. तिथं तज्ज्ञ मायकेल बार यांनी त्या प्रणालीचा गुंता उलगडून दाखवला होता. टोयोटानं २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावर १.२ अब्ज डॉलर भरले. संगणक दोषी की निर्दोष, यावर अभियंते अजून भांडतात. मी त्यात पडत नाही. पायपोस आणि पायडल यांचा दोष सिद्ध आहे, तेवढं मला पुरे.

कुर्ल्याकडे परत येताना म्हणून मी दोन्ही बाजूंना एकेक प्रश्न विचारतो. ‘ब्रेक फेल’वाल्यांना: ब्रेक शाबूत निघाले, मग आता काय? आणि ‘मानवी चूक’वाल्यांना: हा माणूस चुकणार, हे कुणाला आधी कळायला नको होतं? विजेच्या मोटारीचा जोर शून्यापासूनच पूर्ण मिळतो. डिझेल बससारखी ती आधी घुरघुरून इशारा देत नाही. वर्षानुवर्षं क्लच दाबणारा डावा पाय तिथं बेकार होतो. १९८९ च्या अहवालातच लिहिलं होतं की गाडी नवखी असलेल्या चालकांचं प्रमाण अशा अपघातांत जास्त दिसतं. हे ज्ञान पस्तीस वर्षं जुनं होतं.

आपला कायदा यात कुठं आहे ते बघायला मी मोटार वाहन अधिनियम, १९८८ उघडला. कलम १० मध्ये परवान्याचे वर्ग दिले आहेत. पहिले दोन वर्ग मोटारसायकलचे: गिअर नसलेली आणि गिअर असलेली. तुमसरच्या कॉलेजातल्या पोरीनं स्कूटीचा परवाना काढला तर तिला गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. पण त्याच कलमात हलकं मोटार वाहन आणि परिवहन वाहन येतं, तिथं गिअरचा उल्लेखच नाही. गिअर असणं अवघड, नसणं सोपं, या समजुतीतून हे कलम आलं असावं. दुचाकीपुरतं ते खरंही आहे. बारा मीटरच्या बसमध्ये नेमकं उलटं होतं, आणि त्या चालकानं त्या रात्री परवान्याचा कुठलाच नियम मोडलेला नव्हता.

हे फक्त मुंबईचं दुखणं राहणार नाही. २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओतून स्वस्त स्वयंचलित गिअर आणला, तेव्हापासून साकोली-पवनीतही बिनक्लचच्या मोटारी दिसतात. निवृत्त मास्तर तीच पसंत करतात, गुडघ्यासाठी. एसटीची विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर धावली, आणि महामंडळानं पुढं ५१५० ई-बस भाड्यानं घ्यायचा करारही केला होता. आमच्या आगारांतले चालक क्लचवर वाढलेले आहेत. गाडी बदलणार हे नक्की असताना पायांची तालीम किती दिवसांची, हा आकडा निविदेत बसच्या किमतीशेजारी छापला जायला हवा.

जपाननं पायाची चूक गृहीत धरूनच पाऊल टाकलं. एप्रिल २०१९ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या माजी अधिकाऱ्यानं ब्रेक समजून रेस दाबली. सायकलवरची आई आणि तीन वर्षांची मुलगी गेली. तोही कोर्टात शेवटपर्यंत गाडीचाच दोष सांगत राहिला, आणि त्याला पाच वर्षांची कैद झाली. त्यानंतर जपाननं संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर १७५ क्रमांकाचा नियम पुढं रेटला: समोर एक-दीड मीटरवर अडथळा असताना उभ्या गाडीची रेस दणकन दाबली, तर गाडीनं ती मानायची नाही, किंवा निदान रांगण्याच्या वेगावर आवरायची. जपानमध्ये सप्टेंबर २०२८ पासून तिथल्या नव्या स्वयंचलित मोटारींना तो सक्तीचा होतोय. नियमाची व्याप्ती वाचताना मी बस शोधत होतो. तो प्रवासी मोटारींपुरता आहे.