आजीची स्मरणशक्ती तपासायची कशी?

भारतात साठीपुढच्या दर शंभर जणांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यासाठी संशोधक मात्र गावाजवळच घडायला हवेत. उदाहरणार्थ, हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) योजनेतून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या हाताखाली दोन महिन्यांचे छोटे संशोधन करता येते. सुरुवातीला तेवढे पुरे.

शिकायचे काय, तर आधी प्रश्न विचारणे. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावकडच्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजीला नेहमीच्या चाचणीप्रमाणे ‘शंभरातून सात-सात वजा करा’ म्हटले तर ती अडखळेलच. तो विसराळूपणा नव्हे. हे ओळखून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बेतली, १९९५मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात वाक्य लिहायला लावत नाहीत. ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’ म्हणतात.

अशी नजर पुस्तकातून येत नाही. ज्येष्ठ डॉक्टरांबरोबर ओसरीवर बसावे लागते, सुनेला विचारावे लागते, ‘आत्याबाई हल्ली ओळखीची वाट चुकतात का? पैशांचा हिशेब जमतो का?’ आणि स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी ऐकू येते का, बी-१२ कमी आहे का, मन खचले आहे का, हे पाहावे लागते. कारण यांवर इलाज आहे.