बसून मारलेला स्मॅश

खो-खो नीट पाहिलात तर चकित व्हाल. पाठलाग करणाऱ्याला मागे वळायची मुभा नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही, आणि त्याचे आठ साथीदार 'खो' मिळेपर्यंत जागेवरून हलायचे नाहीत. फुटबॉलमध्ये तर गोलकीपर सोडून बाकीच्यांना हातच वर्ज्य! खेळ रंगतो तो अशा मुद्दाम घातलेल्या अडचणींमुळे.

मग पनवेलच्या एखाद्या शाळेत पी.टी.च्या तासाला कुबड्या घेणारा मुलगा कडेला बसून सगळ्यांची दप्तरं का सांभाळतो? नियम ठरवताना तो कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, एवढंच. 'त्याला सूट दिली आहे' हे वाक्य मला तरी दयाळू वाटत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही शाळांना बजावलं आहे की खेळाची संधी या मुलांना इतरांच्या बरोबरीने द्या.

गोळाफेकीचा नियमच बघा ना: गोळा एकाच हाताने फेकायचा. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांचा डावा हात शाळकरी वयात सायकलवरून पडून कायमचा अधू झाला. 2024च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो बोचिया. एका पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू न्यायचे, इतकाच खेळ. हात उचलता येत नसेल तर उतरती पन्हळ वापरायची. मदतनीस ती खेळाडू सांगेल तशी फिरवतो, आणि खेळाडू डोक्याला बांधलेल्या दांडीने चेंडू सोडतो. गंमत पुढेच आहे. मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं, वळून बघायचंही नाही! कोन, वेग, डावपेच सगळं खेळाडूचं. मदतनीस फक्त हात उसने देतो.

सिटिंग व्हॉलीबॉलमध्ये तर सगळेच जमिनीवर बसतात. मैदान 18 बाय 9 मीटरऐवजी 10 बाय 6, आणि पुरुषांची जाळी 2.43 मीटरवरून 1.15 मीटरवर येते. चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचललं की फाऊल. पनवेलच्या पावसाळ्यात, मैदानाचा चिखल झाला की शाळेच्या हॉलमध्ये हा खेळ सहज मांडता येईल. जाळी नसेल तर दोरी चालेल.

एरवी उंच उडी मारून स्मॅश हाणणाऱ्या पोरांची इथे चांगलीच तारांबळ उडते. पायांवर विसंबायची सवय, आणि आता सरकायचं ते हातांवर. रोज कुबड्यांवर अंगाचा भार पेलणाऱ्याचे खांदे मात्र या कामाला आधीच तयार झालेले असतात.